सरोजिनीकाकूंची बिनखाड्याची सहल

"तू जेवला नाहीस, यात माझी काय चूक?"

सरोजिनी खळदकर गेली अठ्ठावीस वर्षं हा प्रश्न विचारतायत. समोरचा मुलगा दर तीन-चार वर्षांनी बदलतो, प्रश्न तोच. त्या दिवशी समोर दिग्विजय होता. यवतमाळचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, हातात रिकामं ताट.

"काकू, मी तं गावी गेलतो ना. चार दिवस. खाडा धरा नं."

"सांगितलं होतंस?"

"मेसेज केलता."

"कधी?"

"बस सुटल्यावर."

"बस सुटल्यावर. म्हणजे माझी भाजी चिरून झाल्यावर. दिग्विजय, तुझ्या वाटणीची वांगी मी परत झाडाला लावून येऊ का?"

मागे रांगेत हसू फुटलं. मीही त्याच रांगेत होते आणि मीही हसले, कारण माझा खाडा मागच्या महिन्यात असाच गेला होता आणि तेव्हा दिग्विजय हसला होता.

खाडा म्हणजे पैसे भरलेले, पण न जेवलेला दिवस. कर्वेनगरात काकूंच्या मेसला महिन्याचे पैसे एक तारखेला आगाऊ द्यायचे. नंतर तुम्ही जेवा, झोपा, प्रेमभंग करून घ्या, तो तुमचा प्रश्न. खाडा धरला जातो, पण सलग तीन दिवसांच्या वरचा, आणि आदल्या संध्याकाळी आठच्या आत काकूंना तोंडी सांगितलेला. या सगळ्या अटींत बसणारा खाडा आजवर फार थोड्यांना जमलाय. त्यातला एक जण पुढे सीए झाला. काकूंना त्याचं नवल वाटलं नाही.

जेवण मात्र चोख. पोळी मऊ, आमटीला चिंच-गूळ बेताचा, शनिवारी दुपारी मसालेभात. फक्त त्या वाढतात एका विशिष्ट बेतानं. ताटात आधी भात येतो, तोही गरम, वर आमटी. भूक असते तेव्हा भात दिसतो, म्हणून मुलं भातच चेपतात, आणि पोळ्यांची वेळ येते तेव्हा दोनात माना टाकतात. पाण्याचे पेले मोठे. भाजीचा डाव खोल दिसतो, पण काकू मनगट असं वळवतात की ताटात रस्सा पुढे येतो आणि बटाटा पातेल्यातच मागे राहतो. मी नाटकात तीन वर्षं हातांच्या हालचाली शिकले. ते मनगट मला अजून जमलेलं नाही.

एकदा मी विचारलं, "काकू, मेस परवडते का हो?"

त्या पोळीवर तूप फिरवत होत्या. "जेवणाऱ्यांवर मेस चालते. घर होतं ते न जेवणाऱ्यांवर."

आणि ते खरंच होतं. यजमानांच्या पिंपरीच्या कारखान्याला टाळं लागलं तेव्हा मुलगा शुभंकर आठ वर्षांचा. काकूंनी चार डब्यांपासून सुरुवात केली. आज मेसच्या वरच त्यांचा तीन खोल्यांचा फ्लॅट आहे. शुभंकर इंजिनिअर झाला तो अशा कित्येक मुलांच्या कृपेनं, जी रविवारी दुपारी दोनपर्यंत झोपून राहिली. यजमान आठ वर्षांपूर्वी गेले. शुभंकर हिंजवडीला जातो, सून नम्रता बँकेत आहे, आणि नात तनया नऊ वर्षांची, अंगानं काटकुळी आणि जिचे प्रश्न कधी संपत नाहीत अशी.

तर या तनयामुळे सगळं सुरू झालं.

मागच्या मे महिन्यात हे चौघं नाशिकच्या बाजूला 'मौजमहाल' नावाच्या थीम पार्कला एका दिवसासाठी गेले होते. तिथे 'आकाशघोडा' म्हणून एक रोलर कोस्टर आहे. दारात एक उंचीची पट्टी. तनया पट्टीखाली उभी राहिली आणि दोन बोटं कमी भरली. तिथल्या माणसानं "सॉरी बेटा" म्हटलं. त्यानंतर वर्षभर मेसच्या फ्रिजवर पेन्सिलीच्या रेघा चढत गेल्या. दर पहिल्या रविवारी तनया फ्रिजला टेकून उभी राहायची आणि जेवणारी सगळी मुलं ताटं खाली ठेवून निकाल ऐकायची. या एप्रिलमध्ये ती पट्टीच्या एक बोट वर गेली. दिग्विजयनं टाळ्या वाजवल्या, काकूंनी सगळ्यांना जास्तीचं ताक दिलं. तेव्हा सगळ्यांना वाटलं प्रश्न सुटला.

पण तनयानं मौजमहालचे नियम पाठ केले होते.

"बारा वर्षांच्या आतल्या मुलांबरोबर घरचं मोठं माणूस शेजारी बसलंच पाहिजे," ती मेसच्या ओट्यावर बसून सांगत होती. "बाबाच्या मणक्यात गॅप आहे. आईला बागेतल्या झोपाळ्यावर पण चक्कर येते. राहिली आजी."

"मी?" काकूंच्या हातातलं लाटणं थांबलं.

"आणि साठीच्या पुढच्यांना बसू देत नाहीत. तू साठ कधी होतेस?"

"श्रावणात."

"बघ. गेल्या वर्षी मी लहान होते. पुढच्या वर्षी तू म्हातारी असशील."

"आणि आत्ता काय आहे मी?"

"आत्ता एकोणसाठ."

काकूंनी पोळी तव्यावर टाकली. जन्मात त्या जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा बसल्या नव्हत्या; जत्रेत त्या भजी तळायच्या. पण नातीच्या हिशेबात त्यांना एकही फट सापडेना. "बसू," त्या म्हणाल्या. तनयानं उडी मारली. अख्ख्या आयुष्यात दोघी एकत्र त्या घोड्यावर बसू शकतील असं हे एवढं एकच वर्ष होतं, आणि मे महिन्यात त्यातले तीन दिवस शुभंकरनं बुक केले. खोली झाली, पाळण्यांची तिकिटं झाली.

मग आला जेवणाचा पास.

मौजमहालमध्ये बाहेरचं खाणं नेता येत नाही. आत एक तर दर वेळी पैसे देऊन खायचं, नाही तर 'अन्नपूर्णा पास' निघण्याच्या दोन दिवस आधी घ्यायचा: तीन दिवसांत नऊ वेळा जेवण-नाश्ता, माणशी एकच रक्कम, आगाऊ. घ्यावा की न घ्यावा? शुभंकरनं दोन संध्याकाळी खपून एक्सेल केलं. अकरा रकाने, त्यांत हिरवे, पिवळे आणि काही कारणानं जांभळे. कोण किती खाईल, मुलांचं अर्धं धरायचं का, पाण्याची बाटली कशात मोडते. तळाशी निकालाची चौकट होती. तिच्यात आलं होतं: 'अवलंबून आहे.'

"आई, अहो, पण आपण तिथे जेवायला चाललोय का?" नम्रतानं विचारलं.

या सगळ्या प्रकरणात कुणीही बोललेलं हे सर्वांत शहाणं वाक्य होतं, त्यामुळे त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

शुभंकरनं लॅपटॉप मिटला. "आई, जेवणातलं तुला कळतं. तूच ठरव."

काकू खुर्चीत जरा सरळ बसल्या. गाडी कुठली घ्यायची, गॅसचं बुकिंग कसं करायचं, फोनमध्ये काय दाबायचं, हे सगळं गेल्या दहा वर्षांत शुभंकर ठरवत आलेला. आता पोरगं त्यांच्या गल्लीत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आम्हा मेसकरांचं मत घेतलं. वाढता वाढता.

"दिग्विजय, तू सांग. घ्यावा का पास?"

"नका घेऊ काकू," दिग्विजय तोंडात घास असतानाच म्हणाला. "आगाऊ पैसे घेणारे लोक तं..."

डाव हवेत थांबला.

"बोल, बोल. आगाऊ पैसे घेणारे लोक काय?"

"...लई कष्टाळू असतात काकू."

त्याला त्या दिवशी बटाटा मिळाला नाही.

जेवणं आटपल्यावर काकूंनी थेट मौजमहालला फोन लावला. स्पीकरवर, कारण त्यांना फोन कानाला लावला की पलीकडचा माणूस कानात बोलतोय असं वाटतं. पलीकडे भाग्यश्री नावाची मुलगी होती. आवाज अतिशय गोड, एखादा संवाद हजार वेळा म्हटल्यावर येतो तसा.

"नमस्कार मॅम, मौजमहालमध्ये आपलं स्वागत आहे. मी आपली काय मदत करू शकते?"

"रोज किती पानं उठतात तुमच्याकडे?"

"सॉरी मॅम?"

"जेवायला किती माणसं असतात?"

"मॅम, सीझनला साधारण बाराशे."

काकूंनी आमच्याकडे बघून भुवया उडवल्या. "पोळ्या हातच्या का मशीनच्या?"

"मॅम, लाइव्ह रोटी काउंटर आहे."

"म्हणजे रांग लावून. बरं. खाडा धरता का?"

"सॉरी मॅम, खाडा म्हणजे?"

"एखाद्या वेळी नाही जेवलो तर?"

"मॅम, ते मील लॅप्स होतं."

"पैसे परत?"

"नाही मॅम."

"पुढच्या वेळी डबल?"

"नाही मॅम."

"आदल्या दिवशी आठच्या आत सांगितलं तर?"

"नाही मॅम, तसं काही ऑप्शन नाहीये."

"बांधून?"

"पार्सल अलाउड नाही मॅम."

काकूंनी फोनवर तळहात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी एकदाच पाहिलंय, एका तबलजीनं दुसऱ्या तबलजीचा तुकडा ऐकताना. "मी निदान तीन दिवसांच्या वरचा धरते," त्या हळूच म्हणाल्या. "हे कुठल्या कुठे पोचलेत!"

मग हात काढून: "वेळा सांग."

"नाश्ता आठ ते साडेनऊ, लंच बारा ते दोन, हाय-टी चार ते पाच, डिनर साडेसात ते साडेनऊ. आणि मॅम, वेळेनंतर एंट्री बंद होते."

"पाचवर एक मिनिट झालं तर?"

"बंद मॅम."

"शाब्बास," काकू म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

आता कुठल्याही साध्या गिऱ्हाइकानं एवढं ऐकल्यावर पास घेतला नसता. पण काकू गिऱ्हाईक नव्हत्या, धंद्यातल्या होत्या, आणि तिथेच घोटाळा झाला. संध्याकाळी त्यांनी घरात निकाल दिला तेव्हा मी उसनी कढई परत द्यायला वर गेले होते.

"पास घ्यायचा," काकू म्हणाल्या.

"का पण?" शुभंकर.

"त्यांचा नफा कशात? आपण न जेवण्यात. ते बसलेत टपून, की ही पुण्याची मंडळी पाळण्यांत रमतील आणि जेवण विसरतील. अठ्ठावीस वर्षं मी तशीच बसलेय, मला शिकवू नका. नऊच्या नऊ वेळा जेवायचं. चौघांनी. एकही खाडा पाडायचा नाही. बघतेच, कसा नफा काढतात."

"आई, अहो, पण आकाशघोडा..." नम्रता म्हणाली.

"तीन दिवस आहेत गं. घोडा कुठे पळतोय?"

तनयानं आजीकडे पाहिलं, मग आईकडे, आणि नियमांचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

मेस तीन दिवस बंद राहणार हे काकूंनी आम्हाला आठवडाभर आधी सांगितलं. दिग्विजयनं शेवटचा प्रयत्न केला.

"काकू, मग आमचे तीन दिवस धरणार नं?"

"तुम्ही कुठे खाडा सांगितलात? खाडा मी सांगितला. आठच्या आत. म्हणून माझा धरला."

या वाक्यावर आम्ही अजून अधूनमधून चर्चा करतो.

पुढचं सगळं मला काकूंनी आणि तनयानं मिळून सांगितलं, मेसच्या ओट्यावर, मटार सोलता सोलता. दोघींच्या सांगण्यात जिथे फरक पडला तिथे मी तनयाचं धरलंय.

चाकणला दीड तास अडकून पहिल्या दिवशी ते दीडला पोचले. गाडीत बिस्किटालासुद्धा बंदी होती. पोट राखून आणायचं होतं. बॅगा खोलीवर न टाकता चौघं थेट जेवणाच्या हॉलमध्ये. आणि तिथे काकूंना घरी आल्यासारखं वाटलं.

"थांबा. कुणी काही घेऊ नका. आधी बघा." त्या दारातच उभ्या राहिल्या. "हे सरबत. फुकट, गोड, दारातच. इथेच अर्धं पोट भरायचं त्यांना. पुढे ब्रेड, मग पास्ता, मग नूडल्स, मग भात. सगळं फुगणारं. पनीर कुठेय?"

"शेवटी," शुभंकर म्हणाला.

"शेवटी. आणि बाकी सगळं आपण घ्यायचं, पनीर तेवढं तो टोपीवाला स्वतः वाढतोय. मनगट बघ त्याचं. बघितलंस? ग्रेव्ही पुढे, पनीर मागे." त्यांचे डोळे भरून आले नाहीत एवढंच. "माणूस मुरलेला आहे."

"आजी, भूक लागली," तनया म्हणाली.

मोहीम अशी ठरली: सरबताला हात लावायचा नाही, उलट्या बाजूनं सुरुवात करायची, पनीर तीनदा. चौघांनी ती यशस्वी केली. त्याचा परिणाम म्हणून अडीच वाजता शुभंकर एका बाकावर आडवा झाला आणि त्याच्यावर लहान मुलं बसून फोटो काढायला लागली, त्यांना तो पुतळा वाटला. आकाशघोड्याची रांग दीड तासाची होती. चारला चहा. मधल्या वेळात होईल म्हणून ते आरशांच्या खोलीत गेले, जिथे सगळे जाड दिसत होते. कुणालाच त्यात आरशाची करामत वाटली नाही.

"उद्या," काकू तनयाला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला इडली, पोहे, पराठा, कॉर्नफ्लेक्स आणि एक उदास केक होता. शुभंकरनं सगळं घेतलं. एक्सेलनं जे झालं नव्हतं ते आता पोटानं सिद्ध करायला तो निघाला होता. साडेदहाला तनया आणि काकू आकाशघोड्याच्या रांगेत उभ्या राहिल्या. ऊन चढत होतं. रांग पुढे सरकत होती, पण घोडा एका वेळी सोळाच माणसं नेतो. साडेबारा झाले. पुढे साधारण पन्नास डोकी. एक वाजला. पंचवीस. तेवढ्यात शुभंकरचा फोन.

"आई, कुठेयस? आज श्रीखंड आहे! संपत आलंय!"

"आलोच."

"आजी, नको," तनया म्हणाली. "पुढचा किंवा त्याच्या पुढचा नंबर आपला."

"अगं, जेवून लगेच येऊ. वीस मिनिटं."

"रांग सोडली की पहिल्यापासून लागते."

"जेवणाची वेळ गेली की कायमची जाते," काकू म्हणाल्या आणि नातीचा हात धरून निघाल्या.

श्रीखंड मिळालं. बरं होतं. परत आल्या तेव्हा रांग लागलेली नव्हती, कारण आकाशघोडा बंद होता. तांत्रिक कारण, उद्या सकाळी सुरू होईल, असं एका पाटीवर लिहिलं होतं. तनयानं पाटी दोनदा वाचली. रडली नाही. ती फक्त म्हणाली, "उद्या आपण तीन वाजता परत निघणार ना?"

"हो."

"आणि श्रावण कधी लागतो?"



त्या रात्रीच्या जेवणाला तनया ताटासमोर हात मांडीवर घेऊन बसून राहिली.

"भूक नाही," ती म्हणाली.

"तनू, पैसे भरलेत," शुभंकर म्हणाला. तो तिसरा गुलाबजाम खात होता, तेही खूप कष्टानं.

"भूक नाही बाबा."

काकूंनी ताटाकडे पाहिलं. न आलेल्या मुलांचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. पण येऊन, ताट पुढ्यात घेऊन न जेवणारं मूल त्यांनी मोजक्या वेळाच पाहिलं होतं: कुणी नापास झालेलं, कुणाचा घरून वाईट फोन आलेला. अशा मुलांना त्या काही विचारायच्या नाहीत. गूळ-तूप पुढे सरकवायच्या आणि कढीचं पातेलं उगाच ढवळत तिथेच उभ्या राहायच्या. इथे पुढे सरकवायला त्यांच्या हातात काही नव्हतं. सगळं टोपीवाल्याच्या हातात होतं.

"चल, झोपू," त्या म्हणाल्या. ताट तसंच राहिलं.

तिसऱ्या दिवशी साडेदहाला दोघी रांगेत. घोडा सुरू व्हायला बारा वाजले. आधी रिकामा तीनदा फिरवला, मग कुणीतरी कुठेतरी तेल घातलं, मग परत फिरवला. सव्वा वाजता पुढे तीस माणसं होती. शुभंकर स्वतः आला, घामाघूम, पोटावर हात ठेवून.

"आई, चला. शेवटचं जेवण. पुरणपोळी आहे. मी विचारून आलो, हातची आहे."

"तू जा."

"म्हणजे?"

"तू आणि नम्रता जेवा. आम्ही इथे आहोत."

शुभंकरला वाटलं आईला ऊन लागलंय. त्यानं पाण्याची बाटली पुढे केली. "आई, दोन वाजता बंद होतं. तुझं आणि तनूचं जाईल."

"जाऊ दे."

"खाडा पडेल!"

"पडू दे."

"ते धरत नाहीत, आई! तूच विचारलं होतंस फोनवर!"

"माहितीय रे मला. आठ वेळा जेवलो ना? काय केलं आठ वेळा जेवून? त्यांचा नफा काढून घ्यायला आले आणि पोरीचे दोन दिवस त्यांना देऊन बसले." रांग चार पावलं सरकली, काकूही सरकल्या. "तू जा. नम्रता एकटी बसली असेल."

"पण नऊच्या नऊ..." शुभंकर म्हणाला. त्याच्या आवाजात खरं दुःख होतं. बाजूच्या रांगेतल्या एका बाईंनी त्याला सहानुभूतीनं लिंबाची गोळी दिली. ती घेऊन तो हॉलकडे गेला, चालीत घाई होती.

दारावरच्या मुलानं आधी तनयाला पट्टीखाली उभं केलं. तनयानं श्वास आत घेतला, टाचा मात्र उचलल्या नाहीत. बसली पट्टीत, एक बोट वरच. मग तो काकूंकडे वळला.

"मावशी, वय?"

"एकोणसाठ." त्यांनी आधार कार्ड हातातच धरलं होतं.

त्यानं तारीख वाचली, मनात महिने मोजले. "बीपी, शुगर, हृदयाचं काही?"

"काही नाही. तुमचं पनीर तेवढं पचलेलं नाही."

"गुडघे?"

"गुडघ्यांनी कुठे बसायचंय? बसायचं तिथली तब्येत चांगली आहे."

मुलगा हसला आणि साखळी काढली.

घोडा चढायला लागला. खट, खट, खट. काकूंनी पुढची दांडी दोन्ही हातांनी धरली, कणकेचा मोठा गोळा धरतात तशी. तनया त्यांच्याकडे बघत होती.

"आजी, घाबरलीस?"

"नाही."

"मग डोळे उघड."

काकूंनी एक डोळा उघडला. खाली मौजमहाल पसरला होता. जेवणाचा हॉल, आणि त्याच्या मागे, जिकडे गिऱ्हाईक कधी जात नाही तिकडे, स्वयंपाकघराचं मागचं अंगण. काकूंनी दुसराही डोळा उघडला. धंद्याचा प्रश्न होता. अंगणात पत्र्याच्या सावलीत उलट्या क्रेटांवर दहा-बारा आचारी बसले होते. तो टोपीवालाही, टोपी मांडीवर ठेवून. प्रत्येकाच्या पुढ्यात स्टीलचा डबा होता.

"तनू!" काकू ओरडल्या. "अगं, बघ, बघ! यांचे आचारी घरून डबा..."

आणि घोडा सुटला.

पुढची अडीच मिनिटं काकूंना नीट सांगता येत नाहीत. तनयाचं म्हणणं, आजी आधी "अगं आई गं" म्हणाली, मग कुणाला तरी "थांबव रे मेल्या" म्हणाली, आणि दुसऱ्या उलट्या वळणानंतर मोठमोठ्यानं हसायला लागली ती थांबेचना. खाली उतरल्या तेव्हा त्यांचा अंबाडा सुटला होता, चष्मा दोरीवर पाठीमागे लोंबत होता, आणि त्या पायऱ्यांच्या कठड्याला धरून उभ्या होत्या.

"आजी, बरी आहेस?"

"थांब. जमीन अजून हलतेय."

तनयानं त्यांचा चष्मा पुढे आणून दिला. काकूंनी तो डोळ्यांवर चढवला आणि घड्याळ पाहिलं. दोनला दहा. हॉल तिथून चार मिनिटांवर होता. फोन वाजला.

"आई! झालं का? दहा मिनिटं आहेत अजून! पळत या, दोघींचं होतंय! नववं जेवण! वाढून घेऊ का? पुरणपोळीवर तूप पण आहे!"

काकूंनी आकाशघोड्याच्या दाराकडे पाहिलं. सगळं पब्लिक शेवटच्या घाईनं जेवायला पळालं होतं. रांगेत मोजून अकरा माणसं उभी होती. तनया बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधत होती, जी आधीच बांधलेली होती.

"आई? ऐकतेयस ना? दार बंद करायला आलाय तो माणूस!"

"तू जेव रे पोटभर. तनू, जा, नंबर धर!"

तनया धावत सुटली आणि बाराव्या जागेवर दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"आई, अगं, नऊच्या..."

"शुभंकर, फोन ठेव. आमची रांग सरकतेय."